पिलोनच्या डॉक्टरांची लेक: सेलिया सांचेस यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्युबाच्या क्रांतीबद्दल मराठीत वाचायला बसलं की फिदेल कास्त्रो आणि चे गेव्हारा ही दोन नावं सगळी जागा व्यापून टाकतात. सेलिया सांचेस हे नाव आलंच, तर "फिदेलच्या सचिव" एवढ्यावर उरकलं जातं. मला ते फार खटकतं. एका आडगावातल्या डॉक्टरांची ही मुलगी गावातल्या घरोघरची माणसं नावानिशी ओळखत होती, आणि त्या ओळखीच्या बळावर तिने जे उभं केलं ते बंदुकीच्या बळावर उभं राहिलं नसतं. क्युबाविषयी बोलणं निघालं की मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

थोडक्यात सांगायचं तर सेलिया सांचेस कोण?

क्युबाच्या पूर्व भागात, तेव्हाच्या ओरिएन्ते प्रांतात, मेदिया लूना नावाचं साखर कारखान्याचं गाव आहे. तिथे ९ मे १९२० रोजी एका डॉक्टरांच्या घरी सेलियांचा जन्म झाला. ऐन तारुण्याची वर्षं त्यांनी पिलोन या त्याहूनही आडबाजूच्या गावात काढली. वडिलांच्या दवाखान्यात मदत, गावातली समाजसेवा आणि विरोधी पक्षाचं काम असा त्यांचा दिवस असे. १९५५ च्या सुमारास त्या हुकूमशहा बातिस्ताच्या विरोधातल्या भूमिगत चळवळीत आल्या, १९५७ मध्ये बंडखोरांसोबत कायमच्या डोंगरात गेल्या, आणि १९५९ नंतर मरेपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, हवानात सरकारच्या ऐन मध्यभागी राहिल्या. ११ जानेवारी १९८० ला फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय एकोणसाठ.

सांचेस की सांचेझ?

क्युबात शेवटचा उच्चार "स" असा होतो, म्हणून सांचेस. पूर्ण आडनाव सांचेस मांदुलेय: पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. क्युबातली माणसं मात्र नुसतं सेलिया म्हणतात.

त्यांना राजकारणी म्हणणं बरोबर आहे का? त्यांनी निवडणूक कुठे लढवली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्यामागे "राजकारणी म्हणजे उमेदवार" हे आपलं समीकरण असतं.

आधी त्या काळचं क्युबातलं गावपातळीवरचं राजकारण कसं चालायचं ते बघू. प्रत्येक भागात पक्षाचा एक माणूस असे. त्याला लोक "सार्जंट" म्हणत, पण त्याचा लष्कराशी संबंध नसे. आजाऱ्याला सरकारी दवाखान्यात खाट हवी, पोराला नोकरी हवी, तर या सार्जंटकडे जायचं. तो काम करून द्यायचा आणि बदल्यात घरातल्यांची मतदार ओळखपत्रं ठेवून घ्यायचा. निवडणूक आली की त्या पत्रांचा गठ्ठा ज्याच्या हाती, त्याची मतं. अशा ठिकाणी डॉक्टरांच्या मुलीने आजाऱ्यांची विचारपूस करावी, औषधं मिळवून द्यावीत आणि बदल्यात काहीच मागू नये, हेच मुळात राजकारण होतं. लोकांना तो फरक बरोबर कळत होता.

पक्ष म्हणाल तर त्या ओर्तोदोक्सो पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. एदुआर्दो चिबास यांनी हा पक्ष १९४७ मध्ये भ्रष्टाचाराच्या विरोधात काढला. निशाणी झाडू आणि घोषणा "पैशाविरुद्ध लाज". झाडूची निशाणी वाचून आपल्याकडच्या वाचकांच्या मनात जे येईल ते येवो, क्युबात ती सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच गाजली होती. दर रविवारी रेडिओवर चिबास बोलायचे आणि देश कान देऊन ऐकायचा. ऑगस्ट १९५१ मध्ये भाषण संपताच त्यांनी स्टुडिओतच स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि काही दिवसांत ते गेले. पुढच्या वर्षी जूनमध्ये निवडणूक व्हायची होती. तरुण वकील फिदेल कास्त्रोही याच पक्षाकडून उभे होते. पण १० मार्च १९५२ ला बातिस्ताने लष्कराच्या जोरावर सत्ता बळकावली आणि निवडणूकच गेली. पिलोनसारख्या गावात वर्षानुवर्षं घरं पालथी घालून पक्ष बांधणाऱ्या माणसांच्या हातातून एका रात्रीत मतपेटी काढून घेतली गेली. सेलियांच्या पुढच्या वाटेचं मूळ मला इथेच दिसतं.

घरची परिस्थिती कशी होती?

खाऊनपिऊन सुखी. गरिबीतून वर आलेल्या नेत्याची गोष्ट इथे शोधू नये, ती इथे नाही. वडील मानुएल सांचेस सिल्वेइरा कारखान्याच्या गावचे डॉक्टर, इतिहासाचे आणि पुराणवस्तूंचे वेडे, होसे मार्ती या स्वातंत्र्यकवीचे निस्सीम भक्त. सेलिया सहा वर्षांच्या असतानाच आई आकासिया गेली. भावंडं बरीच होती. १९४० मध्ये वडिलांना पिलोनच्या कारखान्यावर काम मिळालं आणि घर तिकडे हललं.

पिलोनला एका बाजूला कॅरिबियन समुद्र आणि पाठीशी सिएरा माएस्त्राचा डोंगर. गावाचं पोट उसावर. गळीत हंगाम तीन-चार महिन्यांचा, उरलेल्या वेळेला तिथले लोक "मेलेला काळ" म्हणायचे. ऊसतोडीवर जगणाऱ्या घरांना त्या काळात काय सोसावं लागतं हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. काम नाही, दुकानात उधारी, आणि आजार मात्र हंगाम बघून येत नाहीत. अशा घरांतली माणसं डॉक्टरांकडे यायची. पैसे असले तर द्यायची, नसले तर नाही. सेलिया दवाखान्यात वडिलांच्या हाताशी असत. कोणाच्या घरी किती तोंडं, कोणाला दमा, कोणाची बाळंतपणं अवघड जातात, डोंगरातल्या कोणत्या वस्तीवर घोड्यानेच जाता येतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं ते इथे.

खेळण्यांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली त्या गोष्टीत आहे.

क्युबात मुलांना खेळणी मिळायची ती ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला. बाळ येशूला भेटी घेऊन आलेले ते तीन राजे रात्री येतात आणि मुलांच्या उशाशी काहीतरी ठेवून जातात, असं मुलांना सांगितलेलं असतं. आता विचार करा: कारखान्याच्या साहेबांच्या वसाहतीत राजे येतात आणि ऊसतोड्याच्या झोपडीत येत नाहीत. पाच वर्षांच्या पोराने यातून काय समजायचं? आपणच काहीतरी वाईट वागलो असणार, हेच ना.

सेलियांनी मैत्रिणींना हाताशी धरून वर्गणी काढली, सोडती लावल्या, कार्यक्रम केले आणि त्या पैशांतून खेळणी आणली. इथवर कोणीही दानशूर बाई करेल. सेलियांनी त्याआधी एक काम केलं, आणि माझा जीव अडकतो तो तिथे. त्यांनी मुलांची यादी केली. नाव, वय, मुलगा की मुलगी, राहतो कुठे. कारण तीन वर्षांच्या पोरीच्या आणि दहा वर्षांच्या पोराच्या हातात एकच खेळणं देऊन चालत नाही, आणि एका घरातलं एक मूल सुटलं तर उरलेल्या चारांचाही आनंद नासतो.

या यादीपायी त्या पिलोनच्या आसपासच्या वाड्यावस्त्या आणि डोंगरातली घरं हिंडल्या. दरवर्षी यादी वाढत गेली. गावातल्या पोलिसांना, कारखान्याच्या मालकांना, कोणालाच त्यात वावगं काही दिसलं नाही. डॉक्टरांची मुलगी पोरांना बाहुल्या वाटते, एवढंच. पण काही वर्षांनी जेव्हा "या किनाऱ्यावर भरवशाची माणसं कोण?" असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याचं उत्तर घराघरासकट एकाच माणसाजवळ तयार होतं.

तुर्किनो शिखरावरचा पुतळा त्यांनी बसवला हे खरं का?

हो, वडिलांबरोबर. १९५३ हे मार्तींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मे महिन्यात शिल्पकार हिल्मा मादेरा यांनी घडवलेला मार्तींचा अर्धपुतळा क्युबाच्या सर्वांत उंच शिखरावर, १,९७४ मीटरवर, नेऊन बसवला. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याहून सव्वातीनशे मीटर उंच. तिथे तेव्हा धड वाट नव्हती. पुतळा अजून जागेवर आहे.

"ग्रानमा" बोटीशी त्यांचा काय संबंध?

मेक्सिकोत आश्रय घेतलेल्या फिदेलनी माणसं जमवून बोटीने क्युबात उतरायचं ठरवलं. उतरायचं कुठे? किनारा हवा तो डोंगराला लागून असलेला, म्हणजे नेमका सेलियांच्या ओळखीचा मुलूख. सान्तियागो शहरात भूमिगत चळवळ चालवणारा फ्रांक पाइस तेव्हा अवघा विशी ओलांडलेला होता. त्याने या भागाची जबाबदारी सेलियांवर टाकली. त्यांची गुप्त नावं "नोर्मा" आणि "आली". त्यांनी किनाऱ्याचे नकाशे मिळवले, मालमोटारी, पेट्रोल आणि वाटाडे यांची तजवीज केली, आणि किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत शेतकरी घरांची साखळी लावली. एका घराने दुसऱ्या घरापर्यंत पोहोचवायचं, दुसऱ्याने तिसऱ्यापर्यंत. या साखळीतला म्होरक्या क्रेसेन्सिओ पेरेस, डोंगरातला वजनदार म्हातारा, ज्याच्या शब्दाबाहेर त्याचं पसरलेलं गोत जात नसे.

मग सगळं बिघडलं. बोट ३० नोव्हेंबर १९५६ ला पोहोचायची होती, ती दोन दिवस उशिरा आली. तीही ठरल्या जागी न लागता खारफुटीच्या दलदलीत रुतली. ब्याऐंशी माणसं चिखलातून कशीबशी बाहेर पडली. तीन दिवसांनी आलेग्रिया दे पिओ इथे लष्कराने त्यांना गाठून उधळून लावलं. काही मारले गेले, बरेच पकडले गेले. उपाशी, वाट चुकलेले, उसाच्या फडात लपलेले जे उरले, त्यांना शोधून शोधून डोंगरात पोहोचवलं ते शेतकऱ्यांच्या याच साखळीने. पुन्हा एकत्र जमले ते जेमतेम वीसेक जण.

"बारा जणांनी क्रांती सुरू केली" ही कथा सगळीकडे सांगितली जाते. ज्या घरांनी त्यांना जेवू घातलं, कोरडे कपडे दिले, रात्री वाट दाखवली, आणि त्यापायी ज्यांची घरं पुढे लष्कराने जाळली, त्यांची मोजदाद त्या आकड्यात नाही. सेलियांजवळ ती होती.

काटेरी झुडपातून निसटल्याचा प्रसंग काय आहे?

त्याच दिवसांतली गोष्ट. बोटीची काही खबर नाही म्हणून सेलिया रस्त्यावर निघाल्या होत्या. काम्पेचुएला गावात एका खाणावळीत लष्कराच्या माणसांनी त्यांना ओळखून अडवलं. संधी साधून त्या पळाल्या आणि समोरच्या माराबूच्या रानात घुसल्या.

माराबू म्हणजे काय हे क्युबातल्या शेतकऱ्याला विचारा, तो कपाळाला हात लावेल. एकदा शेतात शिरला की निघत नाही, आणि काटे असे की गुरंही आत जात नाहीत. शिपाईही गेले नाहीत. सेलिया त्यातून सरपटत पलीकडे निघाल्या. डोक्यात, अंगात काटे मोडून राहिले, आणि ते काढायला पुढे डॉक्टर लागला.

हीच वनस्पती आपल्याकडे माळरानावर दिसते. दुरंगी बाभूळ म्हणतात तिला. अर्धा तुरा गुलाबी, अर्धा पिवळा. पुढे मार्च १९५७ मध्ये सान्तियागोहून आलेल्या पन्नासेक तरुणांना डोंगरात धाडायचं होतं. तेव्हा सेलियांनी त्यांना मान्सानियो शहराच्या बाहेर, तुरुंगाच्या जवळच, अशाच माराबूच्या दाट रानात दडवून ठेवलं. तिथे त्यांना जेवण, कपडे, हत्यारं पुरवली आणि मग मालमोटारींतून पुढे पाठवलं. जिथे माणूस जात नाही तिथे कोणी शोधत नाही, हे त्या अंगावर काटे घेऊन शिकल्या होत्या.

त्या स्वतः लढल्या का?

हो. २८ मे १९५७ च्या उवेरोच्या लढाईत त्या बंदूक घेऊन होत्या, आणि बंडखोरांच्या बाजूने लढाईत उतरलेल्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्याच वर्षी जुलैत फ्रांक पाइस मारला गेला. खाली राहणं अशक्य झाल्यावर ऑक्टोबरपासून त्या डोंगरातच राहिल्या. सप्टेंबर १९५८ मध्ये स्त्रियांची "मारियाना ग्राखालेस" तुकडी उभी राहिली. पुरुषांनाच पुरेशा बंदुका नाहीत, बायकांना कशाला, असं म्हणणाऱ्यांशी तासन्‌तास वाद झाला. सेलिया त्यात स्त्रियांच्या बाजूने ठाम होत्या.

चिठ्ठ्या जपण्याचं त्यांना वेड होतं म्हणतात. कशासाठी?

डोंगरात टेलिफोन नव्हते. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चालायचा. इतक्या गोळ्या पाठवा, अमुक शेतकऱ्याच्या डुकराचे पैसे द्या, तमुक माणसावर विश्वास ठेवू नका. वाचून झाली की लोक चिठ्ठी फाडायचे किंवा तिने विडी पेटवायचे. सेलिया त्या गोळा करत. पावसाळी डोंगरात, रोज मुक्काम हलवत, अंगावरच्या सामानात प्रत्येक गोष्टीला वजन असताना ही बाई कागदाचे चिटोरे पोतडीत भरून हिंडायची. लोकांना ते विचित्र वाटायचं.

५ जून १९५८ ला फिदेलनी त्यांनाच लिहिलेली एक चिठ्ठी फार प्रसिद्ध आहे. मारिओ नावाच्या शेतकऱ्याच्या घरावर विमानातून टाकलेली अमेरिकी बनावटीची रॉकेटं पाहून, अमेरिकेला याची किंमत मोजायला लावीन, अशी शपथ त्यांनी त्यात घेतली आहे. पुढच्या साठ वर्षांच्या वैराबद्दल लिहिणारा प्रत्येक इतिहासकार त्या चिठ्ठीपाशी येतो. ती हाती आहे, कारण जिला ती मिळाली तिने ती टाकली नाही.

४ मे १९६४ ला सेलियांनी या कागदांसाठी हवानात रीतसर कार्यालय सुरू केलं. पत्रं, छायाचित्रं, आदेश तर ठेवलेच, शिवाय लढ्यातल्या साध्या माणसांना बोलावून त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. मोठ्या माणसांचे कागद सगळेच देश जपतात. डुकराच्या पैशांची चिठ्ठी जपायला पिलोनच्या दवाखान्यातली नजर लागते.

१९५९ मध्ये बंडखोरांची सत्ता आल्यावर त्यांच्याकडे कोणतं पद होतं?

१९६२ पासून त्या सरकारच्या अध्यक्षीय सचिव होत्या, १९६५ पासून कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीत, आणि १९७६ मध्ये नवी राज्यघटना आल्यावर राज्य परिषदेच्या सचिव आणि राष्ट्रीय सभेच्या सदस्य.

पण पदांनी फारसं काही कळत नाही. हवानाच्या वेदादो भागात अकराव्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत त्यांचं घर होतं, आणि तेच त्यांचं खरं कार्यालय. ओरिएन्तेच्या डोंगरातून माणूस हवानात आला, पोराला मोठ्या दवाखान्यात दाखवायचंय, घराचं छप्पर गेलंय, कागद कुठल्यातरी टेबलावर अडकलाय, की तो थेट तिथे यायचा. ज्यांना येता येत नव्हतं ते पत्र लिहायचे. "सेलियाला लिही" हा तेव्हा अडल्या माणसाला दिला जाणारा सल्ला होता. लढ्यात मारल्या गेलेल्यांची आणि डोंगरातल्या गरीब घरांतली काही मुलं त्यांनी स्वतःजवळ ठेवून वाढवली, शिकवली. त्यांनी लग्न केलं नाही.

हवानाचं ते प्रसिद्ध आइस्क्रीमचं दुकान त्यांचंच का?

कोपेलिया. दुकान सरकारी, पण ते उभं करायचं काम त्यांच्याकडे होतं. वास्तुरचनाकार मारिओ खिरोना, उद्घाटन जून १९६६. नाव एका बॅलेवरून ठेवलं, सेलियांना बॅलेची आवड होती. म्हणूनच चिन्हातही नर्तिकेचे दोन गुबगुबीत पाय आहेत. झाडांच्या मधोमध काँक्रीटची गोल, तबकडीसारखी इमारत आणि एका वेळी हजारभर माणसं बसतील एवढी जागा. आल्यावर "शेवटचा कोण?" असं मोठ्याने विचारायचं, कोणीतरी हात वर करतो, आणि त्याच्या मागचे तुम्ही. रांगेत उभं न राहताही रांग पाळली जाते. त्याआधी चांगलं आइस्क्रीम ही पैसेवाल्यांच्या क्लबातली चीज होती. खेळण्यांच्या यादीशी याचं नातं कोणालाही दिसेल.

हवानाच्या दक्षिणेला १९७२ मध्ये खुलं झालेलं प्रचंड लेनिन उद्यान आणि १९७९ च्या अलिप्त राष्ट्र परिषदेसाठी बांधलेलं सभागृह, या कामांवरही त्यांची देखरेख होती. आज जगभर महाग विकल्या जाणाऱ्या कोहिबा सिगारच्या सुरुवातीला, हवानाच्या एल लागितो कारखान्यात स्त्रियांना सिगार वळायला शिकवून कामावर घेण्यातही त्यांचा वाटा सांगितला जातो.

फिदेल कास्त्रोंशी त्यांचं नातं नेमकं काय होतं?

दोघं पहिल्यांदा भेटले फेब्रुवारी १९५७ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी. तेव्हापासून त्या जाईपर्यंत फिदेलच्या इतक्या जवळ दुसरं कोणी नव्हतं. त्यापुढच्या गावगप्पांत मला रस नाही. महत्त्वाचं हे की फिदेलना तोंडावर "हे चुकतंय" म्हणू शकणारी जी मोजकी माणसं होती, त्यांत त्या होत्या. लोकांना ते ठाऊक होतं, म्हणून तर पत्रं त्यांच्याकडे यायची.

हे सगळं ठीक, पण ती राजवट हुकूमशाहीच होती ना?

होय. हा प्रश्न टाळून सेलियांबद्दल प्रेमाने लिहिणं मला पटत नाही. १९५९ नंतर क्युबात दुसऱ्या पक्षाला जागा राहिली नाही, स्वतंत्र वर्तमानपत्रं बंद झाली, विरोधकांना लांबच्या शिक्षा झाल्या. सेलिया या सरकारच्या केंद्रस्थानी होत्या, तेव्हा त्या जबाबदारीतून त्यांना वेगळं काढता येत नाही.

एक उदाहरण मला फार टोचतं. माराबूच्या रानात लपलेल्या त्या तरुणांना डोंगरात न्यायला ज्यांनी आपल्या मालमोटारी दिल्या, ते उबेर मातोस मान्सानियोचे शिक्षक आणि भातशेती करणारे, ओर्तोदोक्सो पक्षातले सेलियांचे सहकारी. पुढे ते बंडखोरांचे कमांडर झाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये सरकार कम्युनिस्ट होत चाललंय म्हणून त्यांनी राजीनामा दिला, त्याबद्दल त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी पूर्ण भोगली. सुटले ते ऑक्टोबर १९७९ मध्ये, सेलिया जाण्याच्या तीन महिने आधी. त्या वीस वर्षांत सेलिया सरकारात होत्या.

शिवाय हेही आहे की, अडलेल्या माणसाला न्याय मिळवायला एका भल्या बाईला पत्र लिहावं लागत असेल, तर ती बाई गेल्यावर त्याने कुठे जावं? १९८० नंतर क्युबातल्या अनेकांना हा प्रश्न पडला. सेलियांवर माझं प्रेम आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडत नाही.

त्या केसांत माळायच्या ते फूल कोणतं?

मारिपोसा. शब्दाचा अर्थ फुलपाखरू, आणि हे क्युबाचं राष्ट्रीय फूल. एकोणिसाव्या शतकातल्या स्वातंत्र्ययुद्धात बायका केसांत माळलेल्या या फुलांमध्ये निरोपाच्या चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिथे सांगतात. चिठ्ठ्या जपणाऱ्या बाईच्या केसांत हेच फूल असावं, हे मला फार आवडतं.

आता मराठी वाचकांसाठी खास सांगायचं ते असं, की मारिपोसा म्हणजे आपला सोनटक्का. तोच तो, पावसाळ्यात विहिरीच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर माजणारा. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि संध्याकाळी सुटणारा ओला वास. मूळ हिमालयाच्या बाजूचं हे झाड, समुद्र ओलांडून क्युबात गेलं आणि तिथलंच झालं. सेलियांच्या अंत्ययात्रेच्या वेळी क्रांतीतले सहकारी आर्मांदो आर्त यांनी त्यांना क्रांतीचं सगळ्यात अस्सल देशी फूल म्हटलं. आमच्या परसात सोनटक्का फुलला की मला आता हटकून ते आठवतं. बारीक चणीची, सतत सिगरेट ओढणारी, एका पायात नाजूक साखळी घालणारी ती बाई, आणि तिच्या केसांत आमच्या विहिरीकडेचं फूल.

आज क्युबात त्यांची आठवण कुठे दिसते?

त्यांना हवानाच्या कोलोन दफनभूमीत, सैन्यदलाच्या समाधिस्थळी ठेवलं आहे. क्युबन पेसोच्या नोटा उजेडासमोर धरल्या तर जलचिन्हात त्यांचा चेहरा दिसतो. लेनिन उद्यानात स्मारक आहे, मान्सानियोच्या मोठ्या रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. मेदिया लूनातलं त्यांचं जन्मघर संग्रहालय झालं आहे, पिलोनचं घरही. मान्सानियोत एका चढाच्या गल्लीला भाजल्या मातीच्या चित्रांनी मढवलेल्या पायऱ्या आहेत, सूर्यफुलं आणि कबुतरं. त्या चढून गेलं की वर सेलिया.

चालायची तयारी असेल तर सिएरा माएस्त्रातल्या ला प्लाता इथे जा. वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. १९५८ मधलं बंडखोरांचं मुख्य ठाणं, झाडीत दडलेली लाकडी घरं. फिदेलसाठी तिथलं घर सेलियांच्या देखरेखीखाली बांधलं गेलं. आत एक रेफ्रिजरेटर अजून उभा आहे. वीज नव्हती, म्हणून रॉकेलवर चालणारा. रस्ता नव्हता, म्हणून माणसांनी वाहून चढवलेला. त्याच्या पत्र्यावर गोळीची खूण आहे, ती बघायला विसरू नका.